खदानीतली भरती

कच्छला जायची यादी आम्ही वर्तकनगरला, गॅब्रिएलच्या घरी, जेवणाच्या टेबलावर केली. यादी मी लिहिली. माझं अक्षर चांगलं आहे, आणि त्या सगळ्या बेतात माझ्याकडून होण्यासारखं दुसरं काही नव्हतं. मला पोहता येत नाही.

गॅब्रिएल तीस वर्षं गोदीत पाणबुड्या होता. जहाजांचे तळ खरवडणं, पंख्यात अडकलेले दोर कापणं, पडलेल्या वस्तू चाचपून शोधणं. मी ठाण्यातल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत होतो. शिकवलं कधीच नाही, तरी तो मला मास्तर म्हणतो. दुरुस्त करायचं मी केव्हाच सोडून दिलं.

बेत माझ्या वाचनातून निघाला, हे कबूल केलं पाहिजे. कच्छच्या जुन्या थरांत शार्कचे दगड झालेले दात सापडतात. ते थर समुद्राला भिडतात तिथे पाण्याखालीही दात असतील, असा माझा एक तर्क होता. असे तर्क मी सहसा कोणाला सांगत नाही. गॅब्रिएलला एकदा सांगून बसलो.

"मोरीचं, म्हणजे शार्कचंच, कालवण जन्मभर खाल्लं," तो म्हणाला, "तिच्या खापरपणजीचे दात बघायला काय हरकत आहे? मास्तर, तू वर बसून पुस्तकात बघून सांगायचं, मी खाली जाऊन आणायचे."

"डॅडी, तू एकोणसत्तरचा आहेस," त्याची मुलगी सेरेना स्वयंपाकघरातून म्हणाली. "हे तुला आठवतं, की मी रोज सांगू?"

सेरेना फिजिओथेरपिस्ट आहे. आई गेल्यापासून बापाला तिने एखाद्या पेशंटसारखं धरून ठेवलंय. तिने अट घातली. सहा रविवार सराव करायचा, सुरक्षित जागी, कमरेला दोर बांधून. प्रत्येक वेळी किती खोल, किती मिनिटं, सिलिंडरमध्ये किती हवा उरली, सगळं वहीत लिहायचं. सहाही वेळा नीट झालं तरच भूजची तिकिटं.

"वही तुम्ही लिहायची, अंकल. डॅडी लिहील तर सगळं शंभर टक्के ओकेच असेल. दोरही तुम्हीच धरायचा. तुमच्या भरवशावर सोडतेय हं मी त्याला."

मी मान हलवली. माझ्या भरवशावर कोणी कधी काही सोडलं नव्हतं. लायब्ररीतली चांगली पुस्तकंसुद्धा कुलपात असायची आणि किल्ली दुसऱ्याकडे.

जागा मिळाली शहाडच्या पुढे, मुरबाडचा रस्ता सोडून थोडं आत. राघो नावाच्या माणसाची दगडाची खदान. कोर्टाने बंदी घातल्यावर उपसा थांबला आणि खदान पाण्याने भरली. तीन बाजूंना उभा काळा कातळ, चौथ्या बाजूला ट्रक उतरायचा उतार, त्याच्या कडेने कोरलेल्या दहा-बारा पायऱ्या. वर गंजलेला क्रशर आणि न विकलेल्या खडीचा ढीग. वारा फिरला की कारखान्यांचा आंबट वास यायचा. पाणी हिरवं, स्थिर, त्यावर रुईच्या शेंगांचा कापूस.

"अठ्ठेचाळीस फूट, सर," राघो म्हणाला. "शेवटचा सुरुंग मीच लावलाय. त्याच्या खाली एक इंच नाही."

राघो आम्हाला सोडून कामाला जायचा. काठावर त्याची आई, ठमाबाई, उन्हात बसून वाल सोलत असायची. ऐंशीच्या पुढची, हिरव्या लुगड्यातली. आमच्याकडे बघत ती मजेत हसायची.

गॅब्रिएलच्या दोराला दर वावेवर गाठ होती. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं अंतर, सहा फूट. पंचवीस गाठींचा दोर. एक झटका म्हणजे ठीक आहे. चार झटके म्हणजे वर ओढ. माझे हात गेली दोन वर्षं थरथरतात, हे मी त्याला सांगितलं.

"थरथरू देत. सोडू नकोस म्हणजे झालं," तो म्हणाला, आणि पायऱ्या उतरून हिरव्या पाण्यात दिसेनासा झाला.

आठवी गाठ हातातून गेली आणि दोर सैल पडला. तळ. मी वहीत लिहिलं: आठ वाव, बावीस मिनिटं. डिसेंबरचा पहिला रविवार होता तो.

दुसऱ्या रविवारी तो मूठ मिटून वर आला. तोंडातली नळी काढायच्या आधीच त्याने मूठ माझ्यासमोर उघडली.

त्रिकोणी, अंगठ्याएवढा, काळा. धार झिजलेली, मूळ दुभंगलेलं. आयुष्यभर चित्रांत पाहिलेली गोष्ट ओळखायला मला वेळ लागला नाही. विश्वास ठेवायला मात्र लागला.

"गॅब्रिएल, हे इथे असू शकत नाही."

"का?"

"हा दगड लाव्हाचा आहे. ठाण्यापासून कल्याणच्या पुढे सगळीकडे तोच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून उकळत आला आणि थिजला. त्यात समुद्र नाही, मासे नाहीत, एक शिंपलासुद्धा नाही."

"तळाला पडलेला होता. मी काय सुरुंग लावून काढला?"

चार दिवसांवर माझा वाढदिवस होता. मला वाटलं, यानेच कुठूनतरी विकत आणून मला खूश करायला ही गंमत केली. घरी जाताना गाडीत मी तसं आडून विचारलं. त्याने गाडी बाजूला घेतली.

"मास्तर, मी तुला खूप चिडवतो. पण फसवलंय कधी?"

मी माफी मागितली. दात खिशात होता. रुमालात गुंडाळलेला, तरी मांडीला गार लागत होता.

तिसऱ्या रविवारी दोर अकरा गाठी गेला.

गॅब्रिएल वर आल्यावर दोर गोळा करताना मी पुन्हा मोजलं. ओल्या गाठी अकराच. अकरा वाव म्हणजे सहासष्ट फूट. खदान अठ्ठेचाळीस फुटांची. दोर तिरपा गेला असेल, एखादी गाठ दोनदा मोजली असेन. पुस्तकात छापलेली चूक दिसली की समासात पेन्सिलीने दुरुस्त करायची मला जुनी सवय आहे. अशक्य आकडा म्हणजे चूक, आणि चूक म्हटल्यावर ती माझीच असणार. मी वहीत लिहिलं: आठ वाव.

सेरेनाने संध्याकाळी वही पाहिली आणि खाली बरोबरची छोटीशी खूण केली.

चौथ्या रविवारी दोर चौदा गाठी गेला. मी आठ लिहिलं. माझं अक्षर त्या पानावरही चांगलंच आहे.

त्याच दिवशी ठमाबाई वाल भरलेलं सूप बाजूला ठेवून पायऱ्या उतरली. लग्नाआधी आणि नंतरही ती खाडीकाठच्या मिठागरांत राबलेली. मिठागरात पाणी घ्यायच्या आधी ते चाखून बघतात. किती खारट, मीठ धरायला किती दिवस लागतील, ते जिभेवर ठरतं. तिने करंगळी बुडवली, जिभेच्या टोकाला लावली, थुंकली, आणि डोळे मिटून थांबली.

"काय झालं, आजी?" मी विचारलं.

"खारट झालाय पानी."

मला हायसं वाटलं. उल्हास नदी जवळ आहे. भरतीचं पाणी कल्याणपर्यंत चढतं. कातळात कुठेतरी भेग असणार, खाडी आत येत असणार. खोलीही त्या भेगेची असेल. मी तिला तसं समजावून सांगितलं.

तिने पुन्हा बोट बुडवलं.

"बाबा, खाडीचं पानी मी साठ वर्सं चाखलंय. त्याला चिखलाची चव. आता तर कारखान्याची पन. ह्यो खाडीचा नाय. ह्यो मोठ्या दर्याचा हाय." मग पायरीकडे बोट दाखवून म्हणाली, "आनि भरती लागलीय त्याला."

मी पाहिलं. मघाशी कोरडी असलेली पायरी ओली होती.

पुढच्या शुक्रवारी रात्री मी राघोच्या घरी जाऊन राहिलो. शनिवारी पहाटेपासून खडू घेऊन पायऱ्यांवर बसलो आणि पाण्याच्या कडेला रेघा ओढत राहिलो. सकाळी सहा पन्नासला पाणी सर्वांत वर होतं. मग उतरलं. दुपारी तीन पायऱ्या उघड्या पडल्या, त्यांच्यावर मिठाची पांढरी साय धरली. संध्याकाळी सहा एकोणसाठला पाणी पुन्हा पहिल्या रेघेला येऊन टेकलं.

बारा तास नऊ मिनिटं.

दोन भरत्यांमध्ये बारा तास पंचवीस मिनिटं जातात. मुंबईला, ठाण्याला, कुठेही. मी घड्याळ राघोच्या मोबाइलशी ताडून पाहिलं. बरोबर होतं.

सोळा मिनिटं कमी. मी ओट्यावर बसून चहा प्यायलो आणि कप खाली ठेवता ठेवता मला आठवलं. चंद्राच्या ओढीमुळे पृथ्वीचं फिरणं हळूहळू मंद होत आलंय. फार पूर्वी ती जास्त वेगाने फिरायची, दिवस लहान असायचा. हा काळा दगड थिजत होता तेव्हाचा दिवस आजच्यापेक्षा जवळजवळ अर्ध्या तासाने लहान होता. भरत्या दिवसातून दोन. अर्ध्या तासाचे दोन भाग करा.

मी परत काठावर गेलो. अंधारत आलं होतं, शहाडच्या बाजूला दिवे लागले होते. पाणी पहिल्या रेघेवरून हळूहळू उतरू लागलं होतं, कोणालाही न विचारता, स्वतःच्या घड्याळाने. चपला मी केव्हा काढून ठेवल्या ते आठवत नाही. मी अनवाणी उभा होतो आणि मला भीती वाटत नव्हती. आयुष्यभर ज्याच्याबद्दल वाचलं ते इथे, माझ्या पायापासून चार हातांवर, श्वास घेत होतं. रडू आलं. मग मनात आलं, मी म्हातारा माणूस, पहाटे उठलेला. गणित चुकलं असेल.

दुसऱ्या दिवशी पाचवा सराव होता. दोर अठरा गाठी गेला. गॅब्रिएल वर आला तेव्हा त्याचा हातमोजा तळव्यावर कापलेला होता आणि त्यात दात होता.

हा पांढरा होता. कडेला करवतीसारखे बारीक दाते, एकही झिजलेला नाही. मुळाशी गुलाबी धागा लोंबत होता. मी वास घेतला. सकाळच्या मासळीबाजाराचा वास.

"ताजा हाय," ठमाबाई म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

गॅब्रिएल पायरीवर बसला. मग हळू आवाजात बोलला.

"मास्तर, आठ वावेवर तळ होता ना? तो आता नाही. कातळ खाली जातो आणि संपतो. त्याच्यापुढे निळं आहे."

"हिरवं."

"निळं. लांबपर्यंत. ऊन आहे तिथे." त्याने कापलेल्या हातमोज्याकडे पाहिलं. "गोदीच्या पाण्यात तीस वर्षं मी हाताने बघितलं रे. नाकासमोरचा पंजा दिसायचा नाही. डोळ्यांनी समुद्र कधी बघितलाच नाही मी. अजून एकदा जाऊ दे. सेरेनाला बोलू नको."

मी त्याला आकडे सांगितले. खऱ्या गाठी, खोट्या नोंदी, सोळा मिनिटं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे तुलापण माहितेय," तो म्हणाला. "बरं झालं. मला वाटलेलं मीच येडा झालो."

बुधवारी मी वही घेऊन सेरेनाकडे गेलो, सगळं सांगून टाकायचं ठरवून. रस्त्यात वाक्यं जुळवली होती. तिने चहा ठेवला, वही उलटली. आठ, आठ, आठ, आठ, आठ.

"किती नीट ठेवलंय तुम्ही, अंकल. खरं सांगू? मला वाटलेलं डॅडी दुसऱ्याच वेळी काहीतरी आगाऊपणा करणार. तुम्ही आहात म्हणून मी रविवारी घरात शांत बसते." ती हसली. "तिकिटं बघते आज."

मी तोंड उघडलं. काय सांगणार होतो? की शहाडच्या खदानीत समुद्र आहे, आजचा नव्हे, आणि मी तीन आठवडे खोटं लिहीत होतो? ती माझ्याकडे कशी बघेल ते मला दिसलं. आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती. त्याने पुन्हा खाली जावं आणि मला येऊन सांगावं, असं मलाही वाटत होतं.

"साखर कमी," मी म्हणालो.

सहाव्या रविवारी गॅब्रिएल सव्वाअकराला पाण्यात उतरला. उतरण्यापूर्वी त्याने छातीवर क्रूस केला. हे त्याने आधी कधी केलं नव्हतं. दोराचं वरचं टोक मी स्वतःच्या कमरेला बांधलं.

आठ. अकरा. पंधरा. दोर ओढ न घेता, सावकाश, एखादा माणूस रस्त्याने चालत जावा तसा जात होता. अठरा. वीस. पाण्यावरचा कापूस एका जागी थांबला. कातळावरचे पारवे केव्हा गेले होते कोण जाणे.

तेविसाव्या गाठीला दोर थांबला. एक झटका. ठीक आहे. मी एक झटका दिला.

पाणी उतरू लागलं. मला खडूच्या रेघेची गरज नव्हती, ते डोळ्यांना दिसत होतं. एक पायरी. दुसरी. ठमाबाई वाल सोलायची थांबली होती.

अकरा अडतीसला दोर हलला.

एक, दोन, तीन, चार.

मी हाताकडे पाहिलं. हात थरथरत होता. तो नेहमीच थरथरतो. दोराचे झटके की माझे? चार होते की मला चार वाटले? मी श्वास धरून पुन्हा वाट पाहिली. खरं असेल तर तो पुन्हा देईल.

दोर स्थिर होता.

"वढ की," ठमाबाई म्हणाली.

"आजी, मला नक्की कळलं नाही..."

"वढ रं, मुडद्या! मी बघितला दोर हलताना!"

मी घड्याळ पाहिलं. अकरा एकेचाळीस. तीन मिनिटं.

मी ओढायला लागलो.

दोर जड होता. ठमाबाईने मागून माझ्या कमरेला मिठी मारली आणि ती मागे खेचत राहिली. गाठी येत होत्या, मी मोजत नव्हतो. तळवे सोलले.

मग पाण्यावर बुडबुडे आले, आणि गॅब्रिएलचं डोकं.

तो स्वतःच्या पायांनी पायऱ्या चढला. मुखवटा काढला. चेहरा शांत होता, धुतलेला, कुठेही जखम नाही. त्याने कातळाकडे पाहिलं, क्रशरकडे पाहिलं, ठमाबाईकडे पाहिलं. सगळ्यात शेवटी माझ्याकडे. बराच वेळ. जणू मी कोणीतरी फार जुना, नाव आठवावं लागेल असा ओळखीचा होतो.

"मास्तर," तो म्हणाला. "तू अजून थांबलायस?"

मी त्याच्या कमरेचा दोर सोडायला वाकलो.

गाठ सुटेना. गाठीवर कालवं होती.

कमरेपासून पुढे दोन वाव दोर कालवांनी भरला होता. खडकाला लागतात तशी, एकावर एक, करड्या कडा धारदार. माझ्या मनगटापेक्षा जाड थर. सकाळी हाच दोर मी गाडीतून कोरडा काढला होता.

ठमाबाई जवळ बसली. तिने विळ्याच्या टोकाने एक कालव उघडलं. आत मांस आकसलं. जिवंत होतं. तिने शिंपल्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला, कडेचे थर एकेक करत नखाने मोजले. मग शिंपला खाली ठेवला.

"किती?" मी विचारलं.

"पंचवीस वर्सं," ती म्हणाली. "जास्तच."

विळ्याने कापूनच दोर सोडवावा लागला. सिलिंडरच्या काट्यावर पाहिलं. निम्मी हवा शिल्लक होती.

मी गॅब्रिएलच्या खांद्यावर टॉवेल टाकला. त्याला थंडी वाजत नव्हती. तो ऊन बघत होता. मी विचारलं, काय होतं खाली. त्याने दोन्ही हात उचलले, शक्य तेवढे पसरले, आणि तसेच ठेवले. ते पुरेनात असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्याने हात खाली घेतले.

"चार झटके दिलेले मी," तो म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती. "मग थोडे दिवस वाट बघितली. मग म्हटलं, मास्तर गेला असेल जेवायला."

तेवढ्यात माझ्या पिशवीतला फोन वाजला. पडद्यावर सेरेनाचं नाव होतं. गॅब्रिएलने ते वाचलं, अक्षर अक्षर लावत.

"ही आहे अजून?" त्याने हळूच विचारलं.

मी फोन उचलून त्याच्या कानाला लावला. त्याचे हात मांडीवर होते. आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"डॅडी? झालं का? ऐक, बोंबील आणलेत, लवकर या दोघं. डॅडी? बोल ना. असा गप्प का? जसं काही खूप दिवसांनी बोलतोयस. सकाळी तर भांडून गेलास चहावरून."

गॅब्रिएलचे ओठ हलले.

"हो गं," तो म्हणाला. "सकाळीच."

आणि बरोबर उत्तर दिलं ना, असं विचारल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं.